लाईट गेली की काट्याचा डेटा बिघडतो, पावत्या डबल होतात, वजन चुकतं: दरवेळी तेच कामून होतं आणि काय करायचं

सोयाबीनचा सीझन लागला की ही तक्रार चारी बाजूंनी यायला लागते, लातूर असो, उदगीर असो, कळंब असो, हळदीच्या टायमाला वसमतकडून पण येते. काटा चालू, कॉम्प्युटर चालू, बाहेर गाड्यांची लाईन, आणि लाईट जाते. परत आली की पुढचं ठरलेलं. एकतर सॉफ्टवेअर उघडतच नाही, "डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड" असं काहीतरी येतं, नाहीतर उघडतं पण शेवटच्या काही पावत्या गायब, नाहीतर एकच गाडी दोनदा चढलेली. अजून एक प्रकार आहे आणि तो सगळ्यात वाईट, कारण त्यात स्क्रीनवर काहीच येत नाही, सगळं गुमान चालू असतं आणि वजनच चुकीचं पडतं. मग कुणीतरी येतो, रिस्टार्ट मारतो, चालू होतं, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या वेळी लाईट गेली की परत तेच.

हे वेगवेगळे प्रॉब्लेम वाटतात पण मूळ एकच आहे, सॉफ्टवेअरला चूक जिथं झाली तिथं कळत नाही, किंवा कळते पण ते गिळून पुढं जातं. चूक जन्मली त्याच जागी धरली तर दुरुस्ती मिनिटाची असते. तीच चूक पावतीवर, पावतीवरून पट्टीवर आणि पट्टीवरून शेतकऱ्याच्या खात्यावर गेली की मग ती दुरुस्ती कॉम्प्युटरवाल्याच्या हातात राहत नाही, तिथं भांडण असतं.

आधी डेटाबेसचं बघू. मी एसक्युलाईट (पावत्या एकाच फाईलमध्ये साठवणारा छोटा डेटाबेस) धरून लिहायलोय कारण माझ्या बघण्यातल्या काट्यांवर आणि दूध संकलनाच्या सेंटरवर बहुतेक तेच असतं.

फोन साधारण असा येतो.

"दादा, लाईट गेल्ती, आता सॉफ्टवेअर उघडंना."

"फोल्डरमधलं काही डिलीट केलं का?"

"एक जर्नल म्हणून फाईल हुती, ती काढली. मागच्या टायमाला पण काढली हुती, तवा चालू झालं हुतं."

इथंच घात होतो. डेटाबेसच्या मेन फाईलच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी जर्नल लागलेली फाईल दिसली तर तो कचरा नाही. एसक्युलाईट मेन फाईलमधलं पान (फाईलचा ठराविक मापाचा तुकडा) बदलायच्या आधी जुनं पान त्या जर्नलमध्ये लिहून ठेवतं आणि मग मेन फाईलला हात लावतं. मध्येच लाईट गेली तर मेन फाईल अर्धी नवी अर्धी जुनी राहते, पण पुढच्या वेळी सॉफ्टवेअर उघडलं की एसक्युलाईट ती जर्नल बघतं, जुनी पानं परत जागेवर बसवतं आणि अर्धवट राहिलेला व्यवहार पूर्ण मागं फिरवतं, तुम्हाला काही करावंच लागत नाही. ती जर्नल तुम्ही उडवली की मागं फिरायचा रस्ता बंद, अर्धी फाईल आता कायमची अर्धी. मागच्या वेळी काढली तरी चालू झालं म्हणता, पण चालू होणं आणि नीट असणं वेगळं. बिघडलेलं पान कुठल्यातरी जुन्या पावतीचं असंल, ती पावती कुणी उघडेपर्यंत कळणारच नाही.

दुसरी पद्धत असते तिला वॉल म्हणतात, त्यात शेजारी शेवटी वॉल आणि एसएचएम लागलेल्या फायली दिसतात. अडतीवर जशी कच्ची वही असते आणि नंतर पक्क्यात उतरतं तसंच हे आहे, नवीन नोंद आधी वॉलमध्ये, मेन फाईलमध्ये नंतर सवडीनं. वॉलमधल्या प्रत्येक तुकड्यावर चेकसम असतो, म्हणजे त्या तुकड्यातल्या आकड्यांवरून काढलेली एक खूण. लाईट गेल्यावर परत उघडताना एसक्युलाईट एकेक तुकडा तपासत जातं, खूण जुळली नाही की तिथंच थांबतं आणि त्याच्या आधीचा शेवटचा पूर्ण झालेला व्यवहार धरतं. म्हणून नुसती मेन फाईल पेनड्राईव्हवर कॉपी करून "बॅकअप घेतला" म्हणणाऱ्याच्या बॅकअपमध्ये वॉलमधल्या ताज्या पावत्या नसतात. सॉफ्टवेअर व्यवस्थित बंद केलं की वॉल आपोआप मेन फाईलमध्ये उतरून निघून जाते, बंद केल्यावरही ती दिसायली असंल तर समजायचं की कुठंतरी अजून चालू आहे नाहीतर नीट बंद झालेलं नाही.

तर लाईट आल्यावर काय करायचं. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी पूर्ण फोल्डर जसंच्या तसं दुसरीकडं कॉपी करा, जर्नल, वॉल, एसएचएम सगळ्यासकट. आधी ही कॉपी, बाकी सगळं नंतर, मागं कितीही हॉर्न वाजू द्या. मग सॉफ्टवेअर उघडा, एसक्युलाईटला त्याचं काम करू द्या. मग एसक्युलाईटचं कमांडवालं टूल घेऊन "प्राग्मा इंटिग्रिटी चेक" चालवा. उत्तरात फक्त "ओके" आलं तर फाईल धड आहे. ओके सोडून काहीही आलं तर त्या फाईलवर नवीन पावती फाडू नका. कॉपीवर "डॉट रिकव्हर" कमांड चालवून जे वाचतंय ते नवीन फाईलमध्ये काढा आणि कागदी पावत्यांच्या नंबराशी ताडून बघा की कुठला नंबर गायब आहे. आणि जुना बॅकअप परत बसवणार असाल तर बिघडलेल्या फाईलची जर्नल किंवा वॉल तिथं शिल्लक ठेवू नका, तिच्या मेन फाईलसोबतच बाजूला हलवा, कारण एसक्युलाईटला ती नवीन बसवलेल्या फाईलचीच वाटंल आणि चांगल्या बॅकअपवर दुसऱ्याच फाईलची पानं चढतील. ही चूक शिकलेसवरलेले लोक पण करतात.

हे झालं त्या दिवसापुरतं, कायमचं करायचं तर सॉफ्टवेअरवाल्याला विचारा की एसक्युलाईटची "सिंक्रोनस" नावाची सेटिंग काय ठेवलीय. ते "ऑफ" असतं तिथं डेटाबेस डिस्कवर खरंच लिहिलं गेलं का याची वाटच बघत नाही, पावती झपकन निघते आणि लाईट गेली की फाईलच मोडू शकते. वॉलसोबत "नॉर्मल" असंल तर फाईल मोडत नाही पण शेवटच्या काही पावत्या जाऊ शकतात. "फुल" ठेवलं तर छापलेली पावती डेटाबेसमध्ये असणारच, निदान डिस्क खोटं बोलत नसंल तोवर. स्वस्त पेनड्राईव्ह आणि काही डिस्का "लिहिलं" म्हणून सांगतात आणि माल अजून त्यांच्या तात्पुरत्या मेमरीतच असतो, म्हणून चालू डेटाबेस पेनड्राईव्हवर ठेवून काम करू नये. काट्यावर दिवसभरात गाड्या येऊन येऊन किती येणार, फुल ठेवल्यानं एका पावतीला डोळ्याची पापणी लवायच्या आत जेवढा वेळ लागतो तेवढा जास्त जाईल, त्याच्यासाठी धोका पत्करणारा माणूस मला समजत नाही. चालू डेटाबेसचं फोल्डर ड्राईव्हला ऑटो सिंक लावून ठेवणं पण बंद करा, सिंक करणारा प्रोग्राम मेन फाईल आणि वॉल वेगवेगळ्या टायमाला उचलतो, दोन्ही एकमेकाला जुळत नाहीत. आणि ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेल्या फोल्डरमधून वॉलवाली फाईल उघडायची नाही, वॉल नेटवर्कच्या फोल्डरवर चालत नाही, दोन्ही प्रोग्राम एकाच मशीनवर लागतात.

आता वजनाचं, इथं जरा थांबून वाचा.

काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) सिरीयल केबलनं सारखं वजन पाठवत असतो, सेकंदाला बऱ्याच वेळा. समजा एका वेळेला तो असं पाठवतो: सुरुवातीची खूण, मग सहा आकडे ०१२५४०, मग शेवटची खूण. म्हणजे १२,५४० किलो. प्रोग्रामनं पोर्ट (केबल जोडलेली कॉम्प्युटरची खाच) उघडला तेव्हा इंडिकेटर अर्ध्यात असतो, म्हणून प्रोग्रामच्या हाती पहिल्यांदा काय लागतं, तर "२५४०", मग शेवटची खूण, मग पुढचं पूर्ण वजन. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं सुरुवातीची खूण शोधलीच नाही, पहिला जो आकडा दिसला तो उचलला. १२,५४० चे झाले २,५४०. रिकाम्या गाडीचं वजन ४,८०० होतं. खरा माल ७,७४० किलो, म्हणजे ७७ क्विंटल ४० किलो. प्रोग्रामनं काढलं २,५४० वजा ४,८००, उत्तर आलं उणे २,२६०. आता इथं तरी थांबायला पाहिजे होतं, भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा हलकी असंल कशी! पण मी एका ठिकाणी कोड बघितला त्यात उणे चिन्हच काढून टाकलं होतं, पावतीवर उणे छापलं की गिऱ्हाईक ओरडतं म्हणून. पावती निघाली २२ क्विंटल ६० किलोची. माणूस वर्षभर राबतो, पावसाची वाट बघतो, आणि त्याच्या ५५ क्विंटलवर एका ओळीच्या कोडनं पाणी फिरतं. एवढा मोठा फरक हमालाच्या, मापाड्याच्या लक्षात येतो तरी, पण भरलेल्या वजनात दीडदोनशे किलोचा फरक पडला तर कुणाच्या बापाच्या लक्षात येत नाही.

चुकीचा आकडा केबलमधून पण येतो. कॉम्प्युटरात १ हा आकडा ००११०००१ असा जातो आणि ९ हा ००१११००१ असा. एकच बिट, म्हणजे एकच ० किंवा १ चा फरक. ० आणि ८ मध्ये पण एकच. केबल लांब, शेजारून मोटारीची वायर गेलेली, अर्थिंग नाही, मग एखादा बिट पलटणं काही अवघड नाही, आणि पलटलेला आकडा पण आकडाच असतो, दिसायला एकदम बरोबर. पॅरिटी (प्रत्येक अक्षरासोबत तपासणीसाठी जाणारा एक जादा बिट) चालू केली तर एक बिट पलटलेला पकडला जातो, दोन पलटले की पॅरिटी पण फसते. म्हणून इंडिकेटरमध्ये चेकसम पाठवायची सोय असंल तर ती चालू करा, सीआरसी (चेकसमचाच जास्त कडक प्रकार) असंल तर अजून चांगलं, १६ बिटांचा नीट निवडलेला सीआरसी सलग १६ बिटांपर्यंतचा कुठलाही गोंधळ पकडतो. पण पॅरिटी नुसती चालू करून भागत नाही, प्रोग्रामनं तिचं ऐकलं पण पाहिजे. डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम लिहायचं साधन) पॅरिटी चुकली की त्या अक्षराच्या जागी आपोआप प्रश्नचिन्ह येतं, आणि प्रोग्रामनं "आकडे सोडून बाकी गाळा" असं केलेलं असंल तर प्रश्नचिन्ह गळतं आणि सहा आकड्यांचे पाच राहतात. चूक पकडणाऱ्यानं पकडून दिली आणि पुढच्यानं सोडून दिली.

सॉफ्टवेअरवाल्याकडून हे करून घ्या: सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत पूर्ण आलं तरच वाचायचं, लांबी बरोबर जेवढी ठरली तेवढीच, एक जास्त नको एक कमी नको, सलग काही वेळा तेच वजन आलं आणि इंडिकेटर "स्थिर" म्हणाला तरच घ्यायचं, काट्याच्या क्षमतेच्या बाहेरचं नाकारायचं, निव्वळ वजन शून्य किंवा उणे आलं तर पावती फाडायचीच नाही. यातलं काही चुकलं तर जुन्या नोंदीला धक्का न लावता मागं यायचं आणि परत वाचायचं, तरी जमलं नाही तर इंडिकेटरवरचं वजन माणसानं हातानं टाकायचं, पावतीवर "हाताने नोंद" असं छापून आणि सही घेऊन. ही पद्धत काही नवीन नाही, ब्रायन रँडेल या कॉम्प्युटर शास्त्रज्ञांनी इंग्लंडात न्यूकॅसलला १९७५ मध्ये हेच मांडलं होतं, आधीची स्थिती जपून ठेवा, काम करा, उत्तर चाचणीला लावा, नापास झालं तर मागं या आणि दुसऱ्या रस्त्यानं करून बघा. पण सगळा जीव त्या चाचणीत आहे, चाचणी ढिली ठेवली तर मागं यायची कितीही सोय करा, प्रोग्रामला मागं यायचं कधी हेच कळणार नाही.

मोठ्या ट्रेलरच्या वेळी वजन एकदम उणे ३२ हजारच्या आसपास दाखवतं किंवा प्रोग्राम बंद पडतो, ही तक्रार वेगळी. कोडमध्ये वजनाला १६ बिटांचा पूर्णांक दिलेला असतो, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतं. गाडी ३२,७६८ किलोची झाली की उलटा फिरतो. ४ जून १९९६ ला एरियन ५ हे युरोपचं रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ३७ सेकंदांनी भरकटून फुटलं ते याच जातीच्या चुकीनं, ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांत कोंबताना मावला नाही. तिथं बॅकअप यंत्रणा पण होती बरं का, पण तिच्यात सॉफ्टवेअर तेच, म्हणून ती मेन यंत्रणेच्या आधीच त्याच कारणानं बंद पडली होती. कुणी म्हणलं की दुसरा कॉम्प्युटर स्टँडबाय ठेवलाय आता काळजी नाही, तर त्याला विचारा की त्यात सॉफ्टवेअर कोणतं आहे. डिस्क जळाली, एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) उडाला, याला दुसरा कॉम्प्युटर कामाला येतो. कोडच चुकीचा असंल तर दोन्ही कॉम्प्युटर मिळून चुकतील.

डबल पावतीचं कारण नेट. काट्यावरून हेड ऑफिसच्या सर्व्हरला नोंद जाते, सर्व्हर लिहून घेतो, "मिळालं" म्हणून उत्तर पाठवतो आणि तेवढ्यात रेंज जाते. इकडं प्रोग्रामला वाटतं गेलंच नाही, तो परत पाठवतो. सर्व्हरला वाटतं ही दुसरी गाडी. इथं कुणाचंच चुकलेलं नाही असं दिसतं, पण खरी चूक ही की नोंदीला ओळख सर्व्हर द्यायला लागला. ओळख काट्यावरच द्यायची, पावती तयार होतानाच तिला एक न बदलणारा नंबर लावायचा, परत कितीदा पाठवली तरी तोच नंबर, आणि सर्व्हरच्या टेबलवर त्या कॉलमला युनिक लावायचं, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा चढतच नाही. दुसऱ्यांदा आली की सर्व्हर म्हणंल ही माझ्याकडं आहे, आणि तेच जुनं उत्तर परत देईल. तारीख, गाडी नंबर आणि वजन बघून डबल ओळखायचा जुगाड करू नका, एकच ट्रॅक्टर दिवसातनं दोन खेपा मारतो आणि वजन पण जवळपास तेवढंच येतं. नेट नसताना नोंद काट्यावरच्या रांगेत साठवायची, आणि परत पाठवताना लगोलग हाणायचं नाही, थांबायचा वेळ दरवेळी वाढवत न्यायचा आणि त्यात थोडा मागंपुढं फरक ठेवायचा, नाहीतर लाईट आली की सगळ्या काट्यांचे कॉम्प्युटर एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात आणि सर्व्हर बसतो.

शेतकऱ्याचा आधार नंबर टाकताना आकडा चुकतो ही तक्रार पण याच्यातच आली. आधारचा १२ वा आकडा हा आधीच्या ११ वरून काढलेला असतो, डच गणितज्ञ व्हेरहॉफ यांनी १९६९ मध्ये दिलेल्या पद्धतीनं, आणि ती पद्धत एक आकडा चुकलेला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झालेले हमखास पकडते. नेट लागत नाही, सर्व्हर लागत नाही, थोड्याशा कोडमध्ये जागेवर कळतं. तरी कितीतरी सॉफ्टवेअर नुसते १२ आकडे मोजतात आणि पुढं जातात.

रिस्टार्टबद्दल. रिस्टार्ट वाईट नाही. जिम ग्रे या कॉम्प्युटर शास्त्रज्ञांनी टँडम या कॉम्प्युटर कंपनीत असताना १९८५ मध्येच मांडलं होतं की तपासून वापरात आलेल्या सॉफ्टवेअरात उरलेले बहुतेक बग असे असतात की तेच काम परत केलं की ते दिसत नाहीत, म्हणून परत सुरू करणं हा खरा इलाज ठरतो. पण रिस्टार्टनंतर कुठल्या स्थितीत उठायचं हे ठरलेलं पाहिजे आणि का मेला याची नोंद राहिली पाहिजे. विंडोजवर प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालत असंल तर सर्व्हिसेसमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजला रिकव्हरी म्हणून टॅब आहे, तिथं पडल्यावर आपोआप उठवायचं लावता येतं. मात्र ते पडल्यावरच, लटकल्यावर नाही. लटकलेल्याला बाहेरून बघणारा लागतो, प्रोग्रामनं ठराविक वेळानं "मी आहे" म्हणून खूण करायची आणि खूण आली नाही की बघणाऱ्यानं त्याला मारून परत उठवायचं. ती खूण वेगळ्या टायमरवरून करू नका, वजन वाचणारं मेन काम फिरून आलं तरच करा, नाहीतर काम लटकलेलं असतं आणि टायमर मात्र खुशाल खूण करत बसतो. उठवायला पण मर्यादा ठेवा, लिनक्सवर सिस्टमडीला (प्रोग्राम सुरू-बंद करणारी यंत्रणा) परत उठवायचं सांगून ठेवलं असंल तर ते मुळातल्या सेटिंगनं १० सेकंदांत ५ वेळा उठवून बघतं आणि मग सोडून देतं, ते बरोबर आहे, तेवढ्या वेळा मेला म्हणजे माणूस बोलवायचा.

आणि कोडमध्ये रिकामे कॅच ब्लॉक (चूक धरायला लिहिलेला कोडचा भाग) शोधा. चूक आली, धरली, आत काहीच लिहिलं नाही, पुढं गेला. माझ्या मते अर्ध्याच्या वर तक्रारी इथून निघतात, आणि याला "सॉफ्टवेअर बंद पडत नाही" म्हणून विकलं जातं. बंद न पडणं हे काट्यावरच्या सॉफ्टवेअरचं काम नाही, बरोबर वजन लिहिणं हे त्याचं काम आहे. खात्री नसंल तर त्यानं थांबलं पाहिजे आणि मराठीत, मोठ्या अक्षरात सांगितलं पाहिजे की कुठं अडलंय, म्हणजे केबिनमधल्या पोराला कळंल की केबल बघायची का नेट बघायचं.

नवीन सॉफ्टवेअर घेताना किंवा जुनं दुरुस्त करून घेतल्यावर गाड्या नसताना ही तपासणी करा. खोट्या पावत्या टाकत टाकत मध्येच कॉम्प्युटरची पिन ओढा, यूपीएस असंल तर त्याच्याही पुढून. परत चालू करून इंटिग्रिटी चेक मारा आणि छापलेली शेवटची पावती डेटाबेसात आहे का बघा. वजन वाचत असताना सिरीयल केबल काढा, प्रोग्रामनं मागचंच वजन धरून ठेवलं तर तो नापास. बॉड रेट (केबलवरून आकडे जायचा वेग) मुद्दाम चुकीचा लावा, कचरा येईल, त्या कचऱ्यातून त्यानं आकडा काढून दाखवला तर नापास. पावती पाठवतानाच राऊटर बंद करा, चालू करा, सर्व्हरवर एकच नोंद पाहिजे. बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर खरंच उघडून बघा, "एसक्युलाईटच्या बॅकअप कमांडनं घेतलेला का फाईल कॉपी केलेली" हे विचारा, चालू डेटाबेसचा बॅकअप त्या कमांडनंच घ्यायचा.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला दाखवायचं असंल तर सोबत पूर्ण फोल्डरची ती पहिली कॉपी, लाईट कधी गेली कधी आली ती वेळ, इंडिकेटरचं मॉडेल आणि बॉड रेट-पॅरिटीची सेटिंग, आणि चुकलेल्या पावतीच्या आधीच्या आणि नंतरच्या पावतीचा फोटो द्या.